प्रिंटवरचे रंग खरे मानायचे का?

प्रश्न थोडक्यात असा : आवडत्या चित्रपटाची एक फाइल हाती आली आहे. चाहत्यांनी कुठूनतरी थिएटरात चाललेली मूळ ३५ मिमी प्रिंट मिळवली आणि तिच्यावरून ही फाइल केली. अधिकृत ब्लू-रेवर रात्रीची दृश्यं निळसर-हिरवी दिसतात. फाइलीत तीच उबदार, पिवळ्याकडे झुकलेली. फाइलीच्या नावात ४के असूनही चित्र डिस्कपेक्षा मऊ. मग प्रदर्शनाच्या वेळी लोकांनी पडद्यावर पाहिलं ते हेच ना? आणि तसं असेल तर डिस्क काढणाऱ्यांनी रंग बदलले, असंच ना?

मी काही वर्षं प्रोजेक्टर चालवला, आणि त्यानंतरची बरीच वर्षं जुन्या प्रिंट्स तपासणं, सांधणं आणि स्कॅन करणं यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो : तुमच्या पहिल्या 'ना'ला अर्धा होकार आहे. दुसरा 'ना' पहिल्यावरून आपोआप निघत नाही. प्रिंट काही गोष्टी छातीठोकपणे सांगते, आणि काही बाबतींत तिच्या शब्दावर विसंबायचंच नसतं. आपण तिच्याकडे मूळ दृश्यं बघायला जातो आणि परत येताना रंगही घेऊन येतो, तिथे गफलत होते.

लोक या उद्योगाला लागले कशाला, ते आधी बघू. सगळ्यात ठळक उदाहरण स्टार वॉर्सचं. १९७७ साली जो चित्रपट लागला होता त्यात १९९७ च्या स्पेशल एडिशनच्या वेळी नवी दृश्यं आणि संगणकावर केलेले नवे इफेक्ट घातले गेले, आणि त्यानंतर अधिकृत आवृत्त्या त्याच वाटेने गेल्या. मूळ रूप २००६ मध्ये डीव्हीडीच्या जोडीची जादा डिस्क म्हणून आलं, पण तेही १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या मास्टरवरून. चाहत्यांचा धीर सुटला. टीम निगेटिव्ह वन नावाच्या गटाने ३५ मिमी प्रिंट्स मिळवल्या, ४के स्कॅन केलं, आणि २०१८ मध्ये ४के७७ या नावाने ते बाहेर आलं. तिथे भांडण दृश्यांचं होतं : कोण आधी गोळी झाडतं, कोणता प्राणी पडद्यावर आहे, कोणता नाही. या भांडणात प्रिंटचा शब्द शेवटचा. फ्रेमवर जे छापलंय ते छापलंय. तुमचं भांडण रंगाचं आहे, आणि तिथे हाच साक्षीदार जरा चाचरतो.

का चाचरतो ते कळण्यासाठी प्रिंट कुठून येते ते पाहावं लागेल. कॅमेऱ्यातून निघते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून इंटरपॉझिटिव्ह (मधली सुलटी प्रत), त्यावरून ड्यूप निगेटिव्ह (पुन्हा उलटी प्रत), आणि त्या ड्यूपवरून थिएटरांसाठी शेकड्यांनी प्रिंट्स. म्हणजे थिएटरातली प्रिंट ही नकलेच्या नकलेची नक्कल. दर पायरीला थोडी धार बोथट होते, थोडा दाणा, म्हणजे फिल्मची बारीक कणकण, वाढतो, कॉन्ट्रास्ट सरकतो. अधिकृत डिस्क बहुतेक वेळा मूळ निगेटिव्ह किंवा इंटरपॉझिटिव्हवरून केलेली असते. तेव्हा ती प्रिंटपेक्षा धारदार दिसणारच. तुमच्या फाइलीतला मऊपणा हा स्कॅन करणाऱ्यांचा दोष नाही. ४के हा आकडा स्कॅनरचा आहे, प्रिंटमध्ये तेवढा तपशील असेलच असं नाही. तरीही ४के स्कॅन करणं वाया जात नाही, कारण दाणा नीट पकडला गेला की तो नैसर्गिक राहतो, त्याचे किडे वळवळत नाहीत. उलटा मुद्दाही लक्षात ठेवा : निगेटिव्हवरून केलेल्या डिस्कवर तुम्हाला जी मेकअपची कड किंवा टांगलेली तार दिसते, ती थिएटरातल्या कुणालाच दिसली नव्हती. कलाकारांना ठाऊक होतं की तीन पायऱ्या उतरल्यावर ती दिसणार नाही.

आता रंग. इथे एकावर एक चार थर आहेत आणि प्रत्येक थर थोडाथोडा गोंधळ घालतो.

पहिला थर काळाचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या बहुतेक रंगीत प्रिंट्स ज्या फिल्मवर निघाल्या तिचे रंग टिकाऊ नव्हते. डब्यात अंधारात नुसती पडून राहिली तरी त्यातला निळसर, म्हणजे सायन रंग आधी उडतो, पिवळाही कमी होतो आणि मागे उरतो तो मॅजेंटा. डबा उघडला की आख्खं रीळ गुलाबी. १९८२ मध्ये कोडॅकची कमी उडणारी फिल्म आली, तिच्यावरच्या प्रिंट्स आजही बऱ्यापैकी शाबूत असतात. आणि त्याआधीच्या टेक्निकलरच्या प्रिंट्स वेगळ्याच जातीच्या : तीन साच्यांवरून तीन रंग एकेक करून फिल्मवर उमटवत, कापडावर ठसे मारावेत तसे. ते रंग टिकतात. अमेरिकेत ही पद्धत १९७० च्या दशकाच्या मध्यावर बंद पडली, ब्रिटनमध्ये १९७८ पर्यंत चालली. म्हणूनच स्टार वॉर्सच्या ब्रिटिश टेक्निकलर प्रिंट्सवर चाहत्यांचा एवढा जीव. तुमची फाइल कोणत्या जातीच्या प्रिंटवरून आली आहे, यावर पुढचं निम्मं उत्तर अवलंबून आहे. हे ओळखणं अवघड नसतं. फिल्मच्या कडेला, छिद्रांच्या बाजूला, कंपनीचं नाव आणि छोटी चिन्हं असतात, वर्तुळ, चौकोन, त्रिकोण वगैरे. कोडॅकच्या फिल्मवर त्यावरून ती कोणत्या वर्षी बनली ते कळतं. एकच खोच आहे : चिन्हं वीस वर्षांनी पुन्हा तीच येतात, तेव्हा चित्रपटाचं वर्ष माहीत नसेल तर फसायला होतं.

गुलाबी पडलेल्या प्रिंटचे रंग परत आणता येतात का? काही अंशी. उरलेला सायन जेवढा असेल तेवढा ताणायचा. पण ताणलं की सावल्यांमध्ये खळखळ वाढते, आणि जिथे रंग पूर्ण गेला तिथे काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही. मग रंग लावणारा आपल्या पदरचं घालतो. त्यात पाप नाही, पण त्याला मूळ रंग म्हणू नये.

दुसरा थर छापखान्याचा. प्रिंट छापताना यंत्रात लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे आकडे लावतात, शून्य ते पन्नास. एका रंगाचा आकडा एकने हलला तरी सवयीच्या डोळ्याला कळतं. लॅब रोज यंत्र तपासत असे, तरी सकाळची प्रिंट आणि संध्याकाळची प्रिंट यांत फरक पडायचाच. मी एकदा एकाच चित्रपटाच्या एकाच रिळाच्या दोन प्रिंट्स उजेडाच्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या होत्या. कडेची चिन्हं सारखी, फिल्म तीच, दोन्ही न उडालेल्या. तरी एकीतलं आभाळ किंचित हिरवट आणि दुसरीतलं स्वच्छ. दोन्ही थिएटरात चालल्या असणार, दोन्ही पाहून लोक घरी गेले असणार. त्यांतली खरी कोणती?

तिसरा थर दिव्याचा, आणि माझ्या मते तुमच्या 'उबदार' रंगाचं उत्तर बहुधा इथेच आहे. थिएटरच्या फिल्म प्रोजेक्टरात बहुधा झेनॉन दिवा असे. त्याचा पांढरा साधारण ५४०० केल्विनच्या आसपासचा. टीव्ही आणि मॉनिटरचा पांढरा ६५०० केल्विनचा, म्हणजे जास्त निळसर. अंधाऱ्या थिएटरात समोर पडद्याशिवाय काहीच नसतं, त्यामुळे पाचेक मिनिटांत डोळा झेनॉनच्या पांढऱ्याला पांढरं म्हणायला लागतो. तोच पांढरा जसाच्या तसा टीव्हीवर आणला आणि खोलीत दिवा चालू असला, की सगळं चित्र पिवळट दिसतं. आता स्कॅन करणाऱ्याने काय करायचं? मोजमाप जपायचं की अनुभव? काही जण झेनॉनचा पांढरा तसाच ठेवतात, काही जण तो ६५०० वर आणतात. दोघांनाही आपण प्रामाणिक आहोत असंच वाटतं.

या बाबतीत मी स्वतः तोंडावर आपटलेलो आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी फिल्मचा कोरा, पारदर्शक भाग हाच पांढरा धरला, तो मॉनिटरच्या पांढऱ्याला जुळवला, आणि आख्खं रीळ त्यावर बेतलं. चित्र थंड, निळं आलं. दोन महिने मी ज्याला त्याला सांगत होतो की या चित्रपटाचे मूळ रंग थंड होते आणि नंतरच्या आवृत्त्यांनी ते उगाच गरम केले. पुढे तीच प्रिंट झेनॉनच्या प्रोजेक्टरवर चालवून, शेजारी मॉनिटर ठेवून पाहिली. पडद्यावर चेहरा गव्हाळ होता, मॉनिटरवर तोच आजारी. चूक प्रिंटची नव्हती आणि नंतरच्या आवृत्त्यांचीही नव्हती.

उजेडाचाही हिशेब यात येतो. प्रोजेक्टरात फिल्म नसताना पडद्याच्या मध्यावर १६ फूट-लँबर्ट उजेड असावा असं प्रमाण आहे. टीव्हीच्या मापात ते साधारण ५५ निट होतं. बरेच टीव्ही याच्या कितीतरी पट उजळ चालतात. शिवाय दिवा जास्त टिकावा म्हणून तो मंद चालवणारी थिएटरं मी स्वतः पाहिली आहेत. प्रिंटचा कॉन्ट्रास्ट अंधाऱ्या खोलीसाठी बेतलेला असतो. तीच प्रिंट जशीच्या तशी टीव्हीवर दाखवली तर सावल्या काळ्याकुट्ट आणि गाल चकाकते दिसतात, आणि बघणारा म्हणतो, 'व्वा, काय दणदणीत रंग होते तेव्हा!' तेव्हा पडद्यावर एवढे दणदणीत नव्हते.

चौथा थर स्कॅनरचा. बरेच स्कॅनर निगेटिव्ह डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असतात. निगेटिव्ह पातळ असते, प्रिंट दाट. प्रिंटच्या सर्वांत गडद भागाची घनता ४ च्या आसपास जाते, म्हणजे दहा हजारांतला एक भाग प्रकाश पलीकडे जातो. एका झटक्यात तो भाग पकडायला गेलं की सावल्यांत नुसता गाळ उरतो. म्हणून चांगले लोक एकाच फ्रेमवर कमी-जास्त उजेडाचे दोन-तीन झटके मारतात आणि ते जुळवतात. शिवाय हल्लीच्या स्कॅनरमध्ये लाल, हिरवे, निळे एलईडी असतात. त्यांचा प्रकाश अरुंद पट्ट्यांचा. झेनॉनचा प्रकाश सलग, आणि डोळ्याची रंगसंवेदनाही पसरट. त्यामुळे स्कॅनरला दिसणारा रंग आणि माणसाला पडद्यावर दिसणारा रंग सहज जुळत नाहीत, बहुधा स्कॅनरमधला जास्त भडक निघतो. त्याची दुरुस्ती करता येते, पण ती केली आहे का, हे फाइल बघून कळत नाही.

हे सगळं ऐकून 'म्हणजे प्रिंटवरून रंगाचं काहीच कळत नाही तर' असं म्हणू नका. आतापर्यंतचं सार एवढंच, की 'हा रंग नेमका कसा होता' हे विचारलं तर प्रिंट डळमळते. 'या शॉटपेक्षा तो शॉट कसा होता' हे विचारलं तर ती बरीच नेमकी बोलते, आणि तुमच्या कामाचं तेच आहे.

कारण असं. शॉटमागून शॉट रंग जुळवण्याचं काम मूळ निगेटिव्हवरून पुढच्या प्रती काढताना होऊन जातं. ते ड्यूप निगेटिव्हमध्ये मुरलेलं असतं. थिएटरच्या प्रिंट्स त्या ड्यूपवरून काढताना आख्ख्या रिळाला एकच आकडा लावला जातो. म्हणजे लॅबने आकडा एकने चुकवला तर रिळातले सगळे शॉट सारखेच चुकतात. फिल्मचा रंग उडाला तर सगळ्या शॉट्सचा साधारण सारखाच उडतो (रिळाच्या अगदी बाहेरच्या वेढ्यांचा आणि कडांचा थोडा कमीजास्त, ते सोडा). दिवा बदलला तर सगळ्यांसाठी बदलतो. शॉटांमधलं नातं मात्र तसंच राहतं. दिवसाच्या दृश्यानंतर लगेच रात्रीचं दृश्य येतं आणि प्रिंटमध्ये दोन्ही एकाच झाकेत आहेत, पण डिस्कवर दिवस गोरा आणि रात्र एकदम हिरवीनिळी, असं असेल तर डिस्क करताना रात्रीवर मुद्दाम हात फिरवला आहे असं म्हणायला चांगला आधार आहे. उलट दिवसही तेवढाच पिवळट असेल आणि रात्रही, तर तुमच्या फाइलीतला उबदारपणा हा आख्ख्या रिळाचा आहे. तो दिव्याचा, उडालेल्या रंगाचा किंवा स्कॅन करणाऱ्याच्या निवडीचा. तेव्हा डिस्कवाल्यांच्या नावाने बोटं मोडायची घाई नको.

करून बघायला सोपं आहे. एकाच रिळातले तीन शॉट निवडा. २००० फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटं चालतं, म्हणजे वीस मिनिटांच्या आतले तीन शॉट, मध्ये रीळ बदललेलं नको. रीळ कुठे बदलतं ते ओळखायची खूण : उजव्या वरच्या कोपऱ्यात दोनदा क्षणभर उमटणारा गोल ठिपका. पहिला रीळ संपायला सुमारे आठ सेकंद असताना, दुसरा संपता संपता. आम्ही ऑपरेटर त्यावर डोळा ठेवून दुसरा प्रोजेक्टर चालू करत असू. बऱ्याच चाहते-फाइलींमध्ये हा ठिपका मुद्दाम ठेवलेला असतो. तर तीन शॉट : एक दिवसाउजेडीचा चेहरा, एक तुमचं रात्रीचं दृश्य, आणि एक ज्यात पांढरं काहीतरी आहे, शर्ट, भिंत, कागद, काहीही. फाइलीतले तीन शेजारी ठेवा, खाली डिस्कवरचे तेच तीन. वरचा पांढरा आणि खालचा पांढरा डोळ्याला सारखे वाटेपर्यंत फाइलीचं एकूण संतुलन सरकवा, तिन्ही शॉटना एकदम, एकाच मापाने. मग रात्रीकडे बघा. फरक तरीही उरला तर तो खरा फरक.

एक अट आहे, आणि ती मोठी आहे. चाहत्यांनी फाइल करताना आख्ख्या रिळाला एकच दुरुस्ती लावलेली असली पाहिजे. कित्येक गट शॉटशॉटला रंग लावतात, कारण तसं केलं की चित्र देखणं होतं. देखणं होतं यात वाद नाही. पण मग त्यातलं शॉटांमधलं नातं रंग लावणाऱ्याचं झालं, प्रिंटचं नाही, आणि तुमचा पुरावा गेला. माझं मत विचाराल तर रिळाला एकच दुरुस्ती लावून थोडं ओबडधोबड राहिलेलं स्कॅन मला गुळगुळीत केलेल्या स्कॅनपेक्षा कधीही जास्त मोलाचं वाटतं.

क्वचित नशीब उघडतं. रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीत, प्रेक्षकांना कधीच न दिसणाऱ्या भागात, एखाद्या बाईचा चेहरा आणि शेजारी राखाडी चौकोन असे चार-सहा फ्रेम सापडतात. लॅबमध्ये त्याला चायना गर्ल म्हणत. छपाई नीट झाली की नाही ते तपासायला ते असे. कोडॅकच्या प्रमाणानुसार प्रिंटवर त्या राखाडी चौकोनाची घनता लाल, हिरव्या, निळ्यात १.०९, १.०६, १.०३ यायला हवी. सायन लाल प्रकाश अडवतो, म्हणून आज मोजल्यावर लाल बाजूला ०.७ आली, तर सायन किती गेला याचा अंदाज आकड्यात मिळतो, कुणाच्या आठवणीवर सोडावं लागत नाही. पण प्रिंट थिएटरांत फिरत असताना सुरुवातीची पट्टी सगळ्यात आधी फाटते आणि बदलली जाते, म्हणून हे फ्रेम हाती लागणं दुर्मिळ.

आठवणीवरून आठवलं. 'मी तेव्हा थिएटरात पाहिला होता, रंग असेच होते' असं सांगणारे बरेच भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका, पण त्यांचं प्रमाणही मानू नका. मी जो चित्रपट स्वतः रोज चार खेळ चालवला त्याच्या आठवणीतही एका प्रसंगातली गाडी मला तांबडी वाटत होती. प्रिंटवर ती तपकिरी निघाली.

डिस्कवाल्यांनाही आंधळेपणाने सोडायचं नाही. 'फ्रेंच कनेक्शन' या १९७१ च्या चित्रपटाची २००९ ची ब्लू-रे आली तेव्हा दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी रंग नव्याने, फिके आणि दाणेदार करून घेतले होते. छायाचित्रकार ओवेन रॉइझमन यांनी त्यावर जाहीरपणे टीका केली, आणि पुढे २०१२ मध्ये वेगळ्या रंगांची आवृत्ती निघाली. चित्रपट करणाऱ्या दोन माणसांतच एकमत नव्हतं. तेव्हा 'दिग्दर्शकाने मंजूर केलेले' हा शिक्का असला म्हणजे तेच प्रदर्शनाच्या वेळचे रंग, असंही समजू नये. प्रिंट अशा वेळी उपयोगी पडते, वर सांगितलेल्या मर्यादेत.

ठिपके आणि ओरखड्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण प्रिंट यात फारच स्पष्ट बोलते. चित्रावर काळा ठिपका दिसला तर बहुधा ती धूळ या प्रिंटवर बसली आहे. तिने दिव्याचा प्रकाश अडवला. पांढरा ठिपका दिसला तर धूळ छापताना निगेटिव्हवर होती. तिने छपाईचा प्रकाश अडवला आणि प्रिंटवर तेवढी जागा कोरी राहिली. म्हणजे पांढरा ठिपका या प्रिंटवर पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळालाही होता, आणि धूळ निगेटिव्हला चिकटूनच राहिली असेल तर त्या ड्यूपवरून निघालेल्या इतर प्रिंट्सवरही. काळा ठिपका बहुधा नंतरचा. ओरखड्यांचंही तसंच. उभी हिरवी रेघ दिसते ती चकतीने किंवा वाळूच्या कणाने फिल्मचा वरचा मॅजेंटाचा थर खरवडल्यामुळे. आणखी खोल गेली की सायनही जातो आणि रेघ पिवळी होते. पार तळापर्यंत गेली की पांढरी. अशा रेघा त्या एका प्रिंटच्या आयुष्यातल्या, त्या खुशाल पुसाव्यात. पांढरे ठिपके मी पुसत नाही. काही मित्रांना हे पटत नाही, त्यांना स्वच्छ चित्र हवं असतं, आणि आमचं यावर दर वेळी वाजतं.

आता फ्रेमच्या आकाराबद्दल एक वाक्य, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी पुढे विचाराल : सपाट (चित्र आडवं दाबून न छापलेल्या) प्रिंटच्या स्कॅनमध्ये वर-खाली 'जास्त चित्र' दिसतं, कधी कधी लोंबणारा माइकही दिसतो, ते प्रोजेक्टरमधल्या पट्टीमागे झाकलेलं असे, चित्रपटाचा भाग नव्हे.

हा उद्योग किती मोठा आहे याची कल्पना असली की चाहत्यांच्या फाइलीकडे आदराने आणि थोड्या सावधपणे बघता येतं. दोन तासांचा चित्रपट म्हणजे १०,८०० फूट फिल्म, १,७२,८०० फ्रेम्स. ४के स्कॅनची एक फ्रेम साधारण ५१ एमबी धरली तर आख्खा चित्रपट जवळपास ९ टीबी. प्रत्येक जुन्या सांध्यापाशी एकदोन फ्रेम्स गेलेल्या असतात, रिळाच्या टोकांना तर बऱ्याच. त्या दुसऱ्या प्रिंटवरून आणून भराव्या लागतात, आणि दुसरी प्रिंट वेगळ्या लॅबची असली की त्या फ्रेम्स वेगळ्या रंगात चमकून जातात. आवाजाचीही तीच गत. ३५ मिमीवर ऑप्टिकल ध्वनी चित्राच्या २१ फ्रेम्स पुढे छापलेला असतो, म्हणून सांध्यावर चित्र एका ठिकाणी उडी मारतं आणि आवाज दुसऱ्या. हे सगळं रात्री जागून, फुकट करणारी माणसं आहेत ही. काही ठिकाणी कसर राहणारच.

कायद्याचं दोन ओळीत. प्रिंट कुणाच्या कपाटात असली तरी चित्रपटाची नक्कल करण्याचा हक्क तिच्याबरोबर येत नाही. प्रिंट्स वितरकांच्या मालकीच्या असत, त्या परत घेऊन नष्ट केल्या जात, आणि त्यातून वाचलेल्या संग्राहकांकडे गेल्या. १९७४ साली अमेरिकेत एफबीआयने अभिनेता रॉडी मॅकडॉवल यांच्या घरावर छापा घालून त्यांचा प्रिंट्सचा संग्रह जप्त केला होता, एवढं या गोष्टीला वजन होतं. चाहत्यांचे गट 'अधिकृत आवृत्ती विकत घेतलेल्यांनाच' असं म्हणतात, पण त्याने कायदा बदलत नाही. अभ्यासासाठी तुलना करणं वेगळं, फाइल वाटत सुटणं वेगळं.

तर आता तुम्ही काय करायचं. फाइल करणाऱ्या गटाने बहुधा सोबत टिपण दिलेलं असतं, नाहीतर त्यांना विचारा. प्रिंट कोणत्या फिल्मवरची होती आणि कडेवर काय छापलेलं होतं. एकच प्रिंट की दोन-तीन जोडून, आणि कुठे कुठे जोडली. पांढरा झेनॉनला धरून ठेवला की टीव्हीला जुळवला. दुरुस्ती रिळाला एक की शॉटशॉटला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काहीही हात न लावलेलं कच्चं स्कॅन त्यांनी जपून ठेवलं आहे का. नीट काम करणारे लोक ते ठेवतातच, आणि दोन-चार फ्रेम्स मागितल्या तर बहुतेक खुशीने देतात, कारण आपल्या कामात कुणीतरी एवढं खोलात शिरतंय याचं त्यांना अप्रूप असतं. फ्रेमची कड आणि छिद्रंही दिसतील अशाच मागा, कापलेल्या नकोत. त्या रात्रीच्या दृश्याची एक, त्याच्या आधीच्या शॉटची एक, नंतरच्या शॉटची एक, आणि जोडीला डिस्कवरच्या त्याच तीन. त्या सहा हाती आल्या की मला दाखवा, मग त्या रात्रीवर कुणी हात फिरवला आहे की नाही ते आपण बघू.